मंद तेजाच्या दीर्घिका आणि वहीतली नावे



आज ज्या गोष्टीविषयी लिहिते आहे ती तुम्ही-मी आपल्या डोळ्यांनी कधीच पाहणार नाही. आकाशात काही दीर्घिका अशा आहेत की आकाराने त्या आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पट मोठ्या, पण तेजाने इतक्या मंद की रात्रीचे काळेभोर आकाशसुद्धा त्यांच्याहून उजळ ठरते. माझा भाचा पुण्याला शिकतो. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने हा विषय काढला. मी विचारत गेले, मग मिळेल ते वाचत गेले. त्याच दिवसांत मंडळीचे एक काम माझ्याकडे आले होते, त्याविषयी पुढे सांगतेच. त्या कामाचा आणि या दीर्घिकांचा माझ्या मनात असा काही गुंता झाला की लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी दीर्घिका म्हणजे काय ते थोडक्यात. अब्जावधी तारे, वायू आणि धूळ गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेली असतात, त्या कुटुंबाला दीर्घिका म्हणतात. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे ती आपली आकाशगंगा. पावसाळा सरल्यावर, कापूस फुटायच्या दिवसांत, बाजारहत्नूरच्या बाहेर शेतात राखणीला गेलेल्यांनी तिचा दुधी पट्टा डोक्यावर पाहिलेला आहे. तिची रुंदी साधारण १ लाख प्रकाशवर्षे. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. तोच प्रकाश हिच्या एका टोकाहून निघाला तर दुसऱ्या टोकाला पोचायला १ लाख वर्षे लागतील.

आता मंद दीर्घिका. आपल्या भागात कापसाचे उदाहरण सर्वांना कळते. एक क्विंटल कापूस दाबून गाठ बांधली तर ती एका कोपऱ्यात मावते आणि दुरून नजरेत भरते. तोच क्विंटल पिंजून, एकेक तंतू मोकळा करून मैलभर पसरला, तर कोणाला दिसेल? कापूस तेवढाच, वजन तेवढेच, पण डोळ्याला जाणवत नाही. मंद दीर्घिकांचे असेच आहे. त्यांच्यातले तारे फार मोठ्या जागेत विरळ पसरलेले असतात. एकूण प्रकाश काही कमी नसतो, पण आकाशाच्या एका लहानशा तुकड्यापुरता पाहिला तर तो नगण्य असतो. शास्त्रज्ञ याला पृष्ठतेज कमी असणे म्हणतात.

शिवाय रात्रीचे आकाश पूर्ण काळे नसतेच. वरची हवा स्वतः किंचित चमकते. सूर्यमालेतली धूळ सूर्याचा उजेड परतवते. त्यात आपल्या गावांचे, शहरांचे दिवे. या सगळ्या झाकोळात जे आकाशाहून उजळ तेच दिसते, बाकीचे बुडून जाते. १९७६ साली माइक डिस्नी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने हाच मुद्दा मांडला. आपण ज्या दीर्घिका मोजतो त्या आपल्याला सहज दिसतात म्हणून मोजतो, आणि पाण्यावर हिमनगाचे टोकच दिसावे तसे बरेच काही अजून नजरेआड असू शकेल, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे विश्वाची आपली यादीच एकतर्फी असण्याचा संभव होता.

दहा वर्षांनी पुरावा सापडला. ऑस्ट्रेलियातल्या वेधशाळेत काम करणारे डेव्हिड मॅलिन फोटोच्या काचपट्टीवरची अगदी फिकट खूण उठावदार करण्यात निष्णात होते. १९८६ मध्ये कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या मोठ्या समूहाच्या चित्रांत एक पुसट डाग मिळाला. आधी वाटले, समूहातलीच एखादी बारकी दीर्घिका असेल. अंतर मोजले तेव्हा कळले की ती त्या समूहाच्या कितीतरी मागे आहे, जवळजवळ १२० कोटी प्रकाशवर्षे दूर. एवढ्या लांबून एवढी दिसते, म्हणजे मुळात केवढी असेल! तिची रुंदी ५ लाख प्रकाशवर्षांहून जास्त भरते, काही मोजमापांत साडेसहा लाखांपर्यंत. तिचे नाव मॅलिन-१. माहीत असलेल्या चक्राकार दीर्घिकांत ती सर्वांत मोठ्यांपैकी एक, आणि तरी ती माणसाच्या नजरेतून इतकी वर्षे निसटली होती.

मला सर्वांत नवल वाटले ते तिच्यातल्या वायूचे. तारे हायड्रोजन वायूपासून बनतात. मॅलिन-१ मध्ये सुमारे ५ हजार कोटी सूर्यांच्या वजनाइतका हायड्रोजन आहे, आपल्या आकाशगंगेपेक्षा कितीतरी जास्त. सामग्री भरपूर, पण पसरलेली. वायूचा तारा व्हायचा तर तो एका जागी गोळा व्हावा लागतो, दाटावा लागतो. इथे तो इतका विरळ आहे की तारे फार सावकाश जन्मतात. चूल आहे, सरपण आहे, पण सरपण अंगणभर विखुरलेले, तशी गत.

आता ती अशी पसरली कशी? एक विचार असा की ज्या अदृश्य द्रव्याच्या कुशीत दीर्घिका जन्मते, त्या कृष्णद्रव्याला मुळातच फिरकी जास्त असेल, तर वायू मध्याशी न गोळा होता दूरवर मोठे चाक करून फिरत राहतो. दुसरा विचार, एखादी दीर्घिका मधोमध येऊन धडकली आणि पाण्यात दगड पडल्यावर तरंग उठावा तसे तारे बाहेर सरकत गेले. तिसरा, जवळच्या लहान दीर्घिका तिच्यात मिसळल्या आणि त्यांच्यामुळे भोवतालचा वायू येऊन मोठ्या वर्तुळात स्थिरावला. अलीकडे संगणकावर उभ्या केलेल्या विश्वात या तिसऱ्या वाटेने मॅलिन-१ सारखी दीर्घिका तयार झालेली दिसली. एकाच वाटेने सगळ्या बनल्या असतील असेही नाही.

त्या कुठे सापडतात, हे त्याहून महत्त्वाचे. या महाकाय मंद दीर्घिका बहुधा विरळ वस्तीत असतात, जिथे दीर्घिकांची दाटी नाही, मोठ्या पोकळ्यांच्या कडेला. त्याला कारण आहे. शेजारी जवळ असला की त्याच्या ओढीने वायू ढवळला जातो, दाटतो, आणि ताऱ्यांचा भडका उडतो. ज्यांच्याजवळ फारसे कोणी फिरकले नाही, त्यांचा वायू तसाच राहिला. न ढवळलेला, न वापरलेला, अब्जावधी वर्षे जपलेला.

आपल्या मराठी मुलखाचाही या शोधात हात आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद या गावी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. थंड हायड्रोजन वायूतून २१ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ लहरी निघतात, आणि त्या अशा दुर्बिणीला ऐकू येतात. डोळ्याला जे दिसत नाही ते इथे कानाने टिपतात म्हणा ना. आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनी या दुर्बिणीवर कित्येक महाकाय मंद दीर्घिकांचा वायू मोजला आहे. बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतल्या मौसमी दास यांनी या विषयावर बरीच वर्षे काम केले आहे. पुण्याच्या आयुका संस्थेतले कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर खुद्द मॅलिन-१ कडे भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची दुर्बीण रोखली. तो उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला आकाशात गेला आणि नव्या, तापलेल्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश पाहू शकतो. २०२१ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केले ते वाचून मी थोडा वेळ वाचणे थांबवले. त्या मंद पसाऱ्यात जागोजागी, विशेषतः सर्पिल भुजांच्या कडेने, अलीकडे जन्मलेल्या ताऱ्यांचे ठिपके होते. मधल्या भागातही होते. ज्याला आपण विझत आलेले म्हटले असते तिथे नवे दिवे लागत होते.

आता त्या कामाविषयी. आमच्या मंडळीत कुटुंबांची एक नोंदवही आहे. वर्ष संपत आले की ती नीट लिहायची, बाप्तिस्मे, लग्ने, प्रभूकडे गेलेले, सगळे. या वर्षी ते माझ्याकडे होते. पंचांच्या बैठकीत सूचना आली की जे दोन-तीन वर्षांत उपासनेला दिसले नाहीत त्यांची नावे काढून टाकावीत, म्हणजे खरी संख्या कळेल. सूचना करणारे भाऊ कष्टाळू आहेत, मंडळीवर प्रेम करणारे आहेत. त्यांचे म्हणणे बिनबुडाचे नव्हते. आमची घरे थोडी. काही बाजारहत्नूरमध्ये, काही वाड्यांवर, एखाददुसरे इच्चोड्याकडे. सभोवती तेलुगू, गोंडी, लंबाडी, उर्दू आणि त्यात आपली मराठी. मराठीतून उपासना चालू ठेवायची का, हा प्रश्नही त्याच संख्येवर अवलंबून होता. वीस जणांसाठी वेगळी वेळ कशाला, असे विचारले तर काय उत्तर द्यायचे?

वही घेऊन मी घरोघरी गेले. एका आजींनी मला बसवले, चहा दिला, आणि वहीकडे बघत विचारले, "बाई, माह्या पोराचं नाव हाय ना त्यात अजून?" मुलगा हैदराबादला कामाला असतो, सणालाही येणे होत नाही. मी म्हटले, "आहे, आजी." त्यांनी मान हलवली आणि दुसरे काही विचारले नाही. त्यांना तेवढेच हवे होते.

वहीत मी जी नावे पाहत होते त्यांत मला दोन प्रकार दिसले. पहिले वाड्यांवरचे. आडबाजूला एकच कुटुंब, पाळकसाहेब वर्षातून दोनदा जातात, रविवारी यायला बस नाही. त्यांच्या घरी गेले की दिसते, पवित्र शास्त्राला नवे पुठ्ठे घातलेले, रात्री जेवणाआधी प्रार्थना चुकत नाही, लेकरांना स्तोत्रे पाठ. सामग्री भरपूर आहे, फक्त एका जागी गोळा झालेली नाही. उपासनेच्या हजेरीत ते कुठेच उमटत नाहीत. मॅलिन-१ वाचताना मला हीच घरे आठवत होती.

दुसरे शहरात गेलेले. त्यांच्यासाठी मला आकाशातला दुसरा प्रकार सांगावा लागेल.

२०१५ मध्ये पीटर व्हॅन डोक्कम आणि रॉबर्टो अब्राहम यांच्या चमूने एक अजब दुर्बीण वापरली. मोठा आरसा नाही, छायाचित्रकार वापरतात त्या लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्याच्या भिंगांची जुडी. तिचे नाव ड्रॅगनफ्लाय, म्हणजे चतुर. कितीतरी भिंगांची चित्रे एकावर एक ठेवून ती पुसट प्रकाश उचलते. सुमारे ३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या कोमा समूहात, जिथे हजारो दीर्घिका दाटीवाटीने राहतात, तिथे त्यांना ४७ मंद दीर्घिका दिसल्या. रुंदीने आपल्या आकाशगंगेशी तुलना होईल अशा, पण तारे शंभराव्या किंवा त्याहूनही लहान हिश्श्याइतके. लगोलग जपानच्या सुबारू दुर्बिणीच्या चित्रांत तिथेच अशा आठशेहून जास्त मिळाल्या. ज्या समूहाकडे माणसे कित्येक दशके पाहत होती त्याच समूहात!

म्हणजे मंद असायला एकटेच असावे लागते असे नाही. गर्दीतही तसे होते, पण कारण उलटे. दीर्घिकांच्या दाट समूहात मधल्या जागेत अतितप्त वायू भरलेला असतो. लहान दीर्घिका त्यातून वेगाने जाऊ लागली की समोरच्या वाऱ्याने तिचा स्वतःचा वायू उडून जातो, जसे वेगातल्या ट्रॅक्टरवर बसलेल्याचे डोक्यावरचे उपरणे उडावे. वायू गेला की नवे तारे थांबतात. मोठ्या शेजाऱ्यांची ओढाताण तिला आणखी ताणून पसरवते. काही दीर्घिका समूहात येण्याआधीच आतल्या ताऱ्यांच्या स्फोटांनी फुगलेल्या असतात. शेवटी उरतात ते जुने तारे, विरळ, फिकट.

तरी त्यांतल्या कित्येक विस्कटलेल्या नाहीत. एवढ्या ओढाताणीत इतक्या थोड्या ताऱ्यांच्या बळावर त्या टिकल्या कशा? बहुतेकींच्या बाबतीत उत्तर कृष्णद्रव्य हेच दिले जाते. ते दिसत नाही, प्रकाश देत नाही, पण त्याच्या पकडीने तारे धरून ठेवलेले असतात. सगळ्यांचे तसे नाही हेही सांगितले पाहिजे. २०१८ मध्ये अशीच एक दीर्घिका चर्चेत आली, तिच्यात कृष्णद्रव्य जवळजवळ नाहीच असे मोजमाप निघाले आणि तिच्यावर बराच वाद झाला. म्हणून या गोष्टीचे सरळ प्रवचन करायला मी कचरते. निर्मिती आपल्या दृष्टांतासाठी बनलेली नाही, ती तिच्या मालकाची आहे.

पण हैदराबादला, पुण्याला, नागपूरला गेलेल्या आपल्या लेकरांकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागले. बारा तासांची पाळी, भाड्याची खोली, आजूबाजूला दुसरी भाषा, रविवारीच ओव्हरटाइम. त्यांचा वायू समोरच्या वाऱ्याने उडाला आहे. कोणी रागाने देवघर सोडले असे नाही, तो वाराच तसा आहे. आणि तरी आजीचा तो मुलगा दर महिन्याला आईला फोन करून विचारतो की प्रार्थनेत माझे नाव घेतलेस का. हे मला आजींनीच सांगितले. कशाने तरी तो अजून धरून ठेवलेला आहे. हजेरीच्या वहीत ते दिसत नाही.

इथे कोणी मला मत्तयाचा पाचवा अध्याय दाखवील, आणि दाखवावाच. दिवा मापाखाली ठेवायचा नसतो, दिवठणीवर ठेवायचा असतो, असे आपल्या प्रभूने शिकवले. मंदपणा हा गुण नाही. आपले पुसटपण मोठेपणासारखे मिरवायचे नाही, आणि घरी बसून चालते असेही मी कोणाला सांगत नाही. पण त्याच प्रभूविषयी यशयाच्या ४२ व्या अध्यायात लिहिले आहे की तो मिणमिणती वात विझवत नाही. एक आज्ञा दिव्याला आहे, दुसरी गोष्ट दिवा सांभाळणाऱ्याची आहे. आपण उजळावे हे आपले काम. दुसरा मंद झाला आहे म्हणून त्याला मोजणीतून काढावे, हे आपल्याला कोणी सांगितलेले नाही.

आणि मोजणीविषयी एलियाला जे शिकावे लागले ते १ राजे १९ मध्ये आहे. तो रानात थकून बसला होता. मी एकटाच उरलो आहे, असे त्याने देवाला दोनदा सांगितले. एलिया मोठा संदेष्टा, पण त्याची यादी त्याला दिसत होते तेवढ्यांचीच होती. देवाने त्याला सात हजारांचा आकडा सांगितला, ज्यांनी बआलापुढे गुडघा टेकला नव्हता. ते सात हजार त्या दिवशी नव्याने झाले नव्हते. ते आधीपासून होतेच, फक्त एलियाच्या नजरेला दिसावेत इतके उजळ नव्हते. स्तोत्र १४७ सांगते की परमेश्वर ताऱ्यांची गणना करतो आणि प्रत्येकाला नावाने ओळखतो. मॅलिन-१ ला माणसाने नाव दिले १९८० च्या दशकात. तिच्यातल्या ताऱ्यांची नावे त्याच्याजवळ त्याआधीही होती.

मंद दीर्घिका शोधणारे काय करतात ते पाहा. ते दीर्घिकेवर ओरडत नाहीत की जास्त चमक. ते आपली दुर्बीण बदलतात, भिंगावरचा विखुरलेला उजेड कमी करतात, एकाच जागेकडे तासन् तास पाहतात, चित्रावर चित्र ठेवतात. चिली देशातल्या साडेसहा मीटरच्या मॅगेलन दुर्बिणीने असेच धीराने पाहिले तेव्हा, शोध लागून जवळजवळ तीस वर्षांनी, मॅलिन-१ च्या भुजा स्पष्ट दिसल्या. तीस वर्षे ती तशीच होती. बदलले ते पाहणाऱ्याचे पाहणे.

पंचांच्या पुढच्या बैठकीत मी दीर्घिका काढल्या नाहीत. एवढेच म्हटले की नाव काढण्याआधी प्रत्येकाला एकदा भेटू या, दूर असेल त्याला फोन करू या, आणि वाड्यांवरच्या घरांसाठी महिन्यातून एक प्रार्थनासभा त्यांच्याच अंगणात घेऊ या. बरीच चर्चा झाली. शेवटी एक वर्षाची मुदत मिळाली. मराठी उपासनेचा प्रश्नही तोवर थांबला आहे. वर्षाने काय होईल ते मी सांगू शकत नाही. काही नावे कदाचित काढावीही लागतील, कारण काही जण खरोखरच दुसऱ्या मंडळीत रुजले असतील, आणि ती आनंदाचीच गोष्ट.

वाचकहो, तुमच्याही मंडळीत अशी वही असेल. या आठवड्यात तिच्यातले एक नाव निवडा, बरेच दिवस न दिसलेले. त्याला उपदेश करू नका, का आला नाहीस असेही विचारू नका. फक्त सांगा की आम्ही तुझे नाव घेऊन प्रार्थना केली, आणि मग खरेच करा.

हे प्रभू, ज्यांना तू पाहतोस आणि आम्ही पाहत नाही, त्यांच्यासाठी आम्हाला धीराची नजर दे. वाड्यावरच्या एकट्या घरात जे साठून आहे ते व्यर्थ जाऊ देऊ नको. शहराच्या वाऱ्यात ज्यांचे बळ उडून गेले त्यांना तुझ्या हाताने धरून ठेव. आमच्या हातून कोणतीही मिणमिणती वात विझू नये. येशूच्या नावात मागतो. आमेन.